तू कुठल्या पेठेची?

शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. तिथं शिकलेल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी तो अभिमानानं ऐकवतं आणि पुढच्या आठवड्यात विभागातून ग्रंथालयाकडं उन्हातून चालताना तो पायांना पटतो. मुख्य इमारत, तिच्यापुढचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय, तळी, झाडी, पहाटे कानटोपी घालून फिरायला येणारी शहरातली निवृत्त मंडळी. चहा, वडापाव, झेरॉक्स, बँक सगळं आतच. एखाद्यानं मनावर घेतलं तर कोल्हापूर न बघताच तो इथून एम.ए. होऊन जाऊ शकतो. अशी माणसं माझ्या माहितीत आहेत. अंबाबाईचं दर्शन झालेलं असतं, रंकाळ्यावर भेळ झालेली असते, एखाद्या रविवारी तांबडा-पांढरा झालेला असतो आणि गेलाबाजार पन्हाळ्यावरचा एक फोटो. पर्यटक शनिवार-रविवारात उरकतो तेवढं त्यांनी दोन वर्षांत उरकलेलं असतं.

त्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. खेड्यातून येणाऱ्या पोरांना, त्यातही पोरींना, घरून निघताना एकच ताकीद मिळते: अभ्यास सोडून नसत्या भानगडीत पडायचं नाही. मी जत तालुक्यातली. २०१८ साली इतिहासात एम.ए. करायला आले तेव्हा वडिलांनी एसटी सुटता सुटता खिडकीतून हेच सांगितलं. आणि आठवड्याभरात विभागाच्या स्वागत समारंभात सरांनी नेमकं उलटं सांगितलं. 'नुसतं पुस्तकात डोकं घालून बसू नका. सगळ्यात भाग घ्या.' टाळ्या पडल्या. सगळ्यात म्हणजे नेमकं कशात, हे विचारायचं धाडस नवीन पोरांपैकी कुणाला झालं नाही.

मग आम्ही ज्यात घेतात त्यात भाग घेतला. भित्तिपत्रक लावलं, वादविवादाला नाव दिलं, युवा महोत्सवाच्या पथनाट्यात उभी राहिले. युवा महोत्सव ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची कॉलेजं एका आवारात उतरतात. एका कोपऱ्यात लोकनृत्याच्या पोरी नऊवारी नेसताहेत, दुसरीकडं मूकनाट्यवाले एकमेकांच्या तोंडाला पांढरा रंग फासताहेत, आणि कुठल्या तरी खेड्यातल्या कॉलेजचा हलगीवाला असा वाजवतो की परीक्षकांचेही पाय हलतात. मला ते सगळं आवडलं. पण आमचं पथनाट्य पाण्यावर होतं, आणि ते बघायला रस्त्यावरचा एकही माणूस नव्हता. प्रेक्षकांत इतर कॉलेजांचे पथनाट्यवाले, त्यांचे सर आणि तीन परीक्षक. ज्याला 'पथ' म्हणतात तो आवाराच्या फाटकाबाहेर होता. प्रमाणपत्र मिळालं. ते अजून फाईलमध्ये आहे आणि आजपर्यंत कुणी मागितलेलं नाही.

वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एका घरात कॉट बेसिसवर राहायचे आणि दोन गल्ल्या सोडून एका काकूंकडं डबा लावला होता. हे माझ्या पथ्यावर पडलं, असं आता वाटतं. काकूंकडं डबा लावला की तो घेऊन लगेच सटकता येत नाही. चपात्या होईस्तोवर उंबऱ्यात बसावं लागतं, आणि बसलं की प्रश्न येतात. कुठली, कुणाची, काय शिकतीस, त्याचं पुढं काय हुतंय. एम.ए. इतिहासाचं पुढं काय होतं याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. काकूंनी ते फार ताणलं नाही. पण त्यांच्या धाकट्या पोरानं, अकरावीतल्या, जो प्रश्न विचारला तो माझ्या मते कोल्हापुरातला खरा प्रवेश अर्ज आहे.

'ताई, तू कुठल्या पेठेची?'

मी म्हटलं, मी जतची. तो म्हणाला, तसं न्हवं. फुटबॉलला कुणाकडनं?

फुटबॉलबद्दल बाहेरच्या माणसाला सांगताना जरा मागं जावं लागतं. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, खासबाग मैदान आठवतं. पण संस्थानी काळापासून इथं फुटबॉलचंही वेड आहे, आणि ते कुस्तीच्याच घरात वाढलंय. पेठेतली तालीम म्हणजे आखाडा, गणपतीचं मंडळ, भांडणं मिटवायची जागा आणि फुटबॉलचा संघ, सगळं एकाच छपराखाली. त्यामुळं संघांची नावंही तशीच: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो तो मे महिन्यापर्यंत चालतो. दुपार कलली की शाहू स्टेडियमकडं जाणाऱ्या दुचाक्यांवर झेंडे दिसायला लागतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच, हे कुठलाही रिक्षावाला सांगतो. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातली चुरस कशी आणि कधी सुरू झाली हे मात्र प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो.

या शहरात तटस्थ राहणं हा एकमेव गुन्हा आहे. मी सुरुवातीला शहाणपणानं म्हणायचे, 'मला दोन्ही संघ आवडतात.' त्यावर समोरचा माणूस दयेनं बघायचा आणि विषय बदलायचा. शेवटी काकूंचा पोरगा पाटाकडीलचा म्हणून मी पाटाकडीलची झाले. दुसरं काहीही कारण नव्हतं. पण त्या दिवसापासून किराणा दुकानदार मला ओळखायला लागला, कारण तो खंडोबाचा होता आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कुणाला तरी टोमणा मारायचा असायचा. मी जिंकलेल्या बाजूची असले की तो सुटे पैसे मुद्दाम हळूहळू मोजून द्यायचा. मी काकूंच्या घरातल्या सगळ्यांबरोबर स्टेडियममध्ये गेले. ऑफसाईड म्हणजे काय हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही; ओरडायचं कधी हे मात्र पहिल्याच सामन्यात कळलं. मैत्रिणी विचारायच्या, तुला खेळातलं काय कळतं? शहरात कुणाची तरी बाजू घेतल्याशिवाय तुमच्याशी कुणी भांडत नाही, आणि भांडत नाही तोवर तुम्ही पाहुणेच, हे त्यांना सांगून पटलं नसतं.

इथं एक गोष्ट बोलून टाकते. बाजू घ्यायची, भांडायचं, हरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात साखर घ्यायला जायचं, हे शिकायची खरी जागा विद्यापीठात असायला हवी. पूर्वी होती. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत थेट निवडणुका व्हायच्या. त्यांत मारामाऱ्या वाढल्या, खूनही पडले, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान बंद होऊन गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. वर्गात पहिली आलेली मुलगी म्हणजे वर्गाची प्रतिनिधी. तिला बिचारीला सही करायला बोलवायचे. २०१६ च्या नव्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, पण कागदावर. आमच्या दोन वर्षांत एकदाही मतपेटी दिसली नाही. मारामाऱ्या थांबल्या हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर अठरा-वीस वर्षांच्या पोरांना, 'पाण्याची टाकी धुतली का' हा प्रश्न एकत्र येऊन विचारायची सवयही गेली. मग उरतात महोत्सव आणि सेवा. नाचा, नाहीतर झाडू घ्या. दोन्ही चांगलं आहे, पण दोन्हींत प्रश्न विचारावा लागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेला मी कमी लेखत नाही. १९६९ ला सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं खेड्यातलं शिबिर. त्या शिबिरात पहिल्यांदा दुसऱ्याच्या चुलीवर चहा केलेली शहरी पोरं मी बघितली आहेत, आणि त्यांच्यात झालेला फरकही. अडचण तासांची आहे. तास मोजले की माणूस घड्याळाकडं बघतो.

माझं पहिलं खरं काम असं कुठल्या तासांत बसणारं नव्हतं. विभागाच्या फलकावर पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका गटानं हातानं लिहिलेली चिठ्ठी लावली होती. गौरी-गणपती विसर्जनाला माणसं हवीत, पंचगंगा घाट, जुने कपडे घालून या. मी गेले, कारण त्या दिवशी डबा बंद होता आणि चिठ्ठीच्या खाली 'जेवणाची सोय आहे' असं लिहिलेलं होतं.

घाटावर पाण्यानं भरलेल्या काहिली ठेवल्या होत्या. काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती प्रचंड कढई, आठ-दहा माणसं भोवती उभी राहतील एवढी. गुळाच्या जिल्ह्यात तिच्यात गणपती विसर्जन करायची युक्ती निघाली यात नवल नाही. नदीत मूर्ती सोडण्याऐवजी काहिलीत बुडवायची आणि मग आमच्याकडं द्यायची. मूर्ती एका बाजूला, निर्माल्य दुसऱ्या बाजूला. मला निर्माल्यावर बसवलं. वाटलं होतं फुलं गोळा करायची असतील. प्रत्यक्षात ती दिवसभराची निवडानिवड होती. हारातून नायलॉनचा दोरा ओढून काढायचा. दूर्वांच्या जुडीचं रबर काढायचं. केवड्याच्या पानात अडकलेली कापराची प्लास्टिकची पुडी, उदबत्तीचा पुठ्ठा, मखरातले थर्माकोलचे तुकडे, चमकी, मणी. चमकी सगळ्यांत वाईट, ती ओल्या झेंडूच्या पाकळीला चिकटते आणि सुटत नाही. दुपारपर्यंत माझी बोटं पिवळी झाली होती आणि नखांत हिरवा रंग बसला होता. हे सगळं खत व्हायचं असेल तर यातला दोरा न् दोरा निघाला पाहिजे, असं आमच्या गटातले एक निवृत्त शिक्षक, आमचे सर, सांगायचे आणि स्वतः पायरीवर मांडी घालून काढत बसायचे.

दुपारी एक आज्जी आल्या. बरोबर नातू, त्याच्या डोक्यावर पाट, पाटावर गणपती. काहिल बघून त्यांचा पारा चढला.

'देवाला कढईत घालतीस व्हय गं?'

मी काहीतरी प्रदूषणाचं बोलायला लागले. सरांनी मला हातानंच थांबवलं. 'आज्जी, पाणी नदीचंच हाय. तुमच्या हातानं तीनदा बुडवा. नसंल पटत तर नदी काय लांब न्हाई, आम्ही अडवणार न्हाई.' एवढंच. वाद नाही, माहिती नाही. आज्जी बराच वेळ नदीकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, तू कुठली? मी म्हटलं, जतची. 'तिकडं पाणी न्हाई म्हणं.' मी म्हटलं, उन्हाळ्यात टँकर येतो. त्यांनी नातवाला पाट खाली ठेवायला सांगितला, आरती म्हटली, आणि गणपती काहिलीत तीनदा बुडवून माझ्या हातात दिला. जाताना नातवाला म्हणाल्या, 'दुष्काळातली पोरगी हाय, तिला ठावं पाण्याचं.'

पथनाट्यात आम्ही पाण्यावर घसा फोडून जे बोललो होतो त्यातला एकही शब्द इथं लागला नाही.

त्या गटात मी टिकले त्याचं कारण मोठं नाही. पुढच्या रविवारी सरांचा फोन आला, 'काल आली न्हाईस?' मी म्हटलं, काल काही होतं का? रंकाळ्यावर जमलो होतो, म्हणाले, सहाजण होतो, सातवं कोण म्हणून बघत होतो. माझ्या घराबाहेर, माझ्या गैरहजेरीची कुणी मोजदाद केल्याचा हा पहिला प्रसंग. वर्गात हजेरी होतीच, पण तिथं नाही गेलं तर पटावर टिंब पडतं. सातवं माणूस कुणी शोधत नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळं मला नंतर याची एक जुनी बाजूही दिसायला लागली. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला बोर्डिंगच्या इमारती दिसतात. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवून बघितलं होतं, पण तिथं ब्राह्मणेतर जातींची मुलं टिकेनात. मग १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ ला मिस क्लार्क वसतिगृह, शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिस्ती, एकामागून एक. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. खेड्यातल्या पोराला शिकायचं असेल तर आधी त्याला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, ही साधी गोष्ट त्या माणसाला कळली होती. अभ्यासक्रम वगैरे नंतर.

याच वसतिगृहांतल्या एका पोराची गोष्ट मला फार आवडते. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा कुंभोजकडचा एक दांडगट विद्यार्थी, अभ्यासात बेताचा. मिस क्लार्क वसतिगृहाचा उद्घाटन समारंभ बघायला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच पंगतीला बस. तो म्हणाला, करत नाही. चरित्रकार सांगतात की त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं आणि पुढं शाहू महाराजांनी आसरा दिला. हे भाऊराव पाटील. १९१९ ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. आमच्या जिल्ह्यांतल्या किती पिढ्या 'कमवा आणि शिका' म्हणत शिकल्या त्याला हिशेब नाही. आता बघा, तो समारंभ त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता, शाळेनं पाठवलं नव्हतं. गावात काय चाललंय ते बघायला एक पोरगा गेला, इतकंच. वडिलांच्या भाषेत, नसत्या भानगडीत पडला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक एकमेकांना राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ही अंकलिपी शाळेतल्या पोरांनाही येते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आलं आणि शहराचा रस्ता तुटला. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. चहूकडं पाणी आणि घागर रिकामी. विद्यापीठ माळावर, उंचावर. तिथून पूर दिसतही नव्हता. पावसाची रिपरिप, ओली झाडं, नेहमीसारखी शांतता. फोन नसता तर दोन किलोमीटरवर काय चाललंय याचा पत्ता लागला नसता.

सुरुवातीचे दिवस आम्ही एका मंगल कार्यालयात कपडे निवडत होतो. मदतीबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण लोकांनी काय काय पाठवलं होतं! लग्नातली शेरवानी. एका पायाचे सँडल. जरीचे ब्लाऊज, साडीशिवाय. आणि जे लागत होतं, परकर, गाऊन, लहान पोरांच्या चड्ड्या, सॅनिटरी पॅड, चादरी, ते शोधायला ढिगात हात घालावा लागायचा. इचलकरंजीची माझी मैत्रीण फोनवर कुणाला तरी दरडावून सांगत होती, 'मी सांगतो ते लिहून घे, जुना कपडा नको, बादली पाठव.' कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या पोरी 'मी सांगतो, मी करतो' असंच बोलतात. त्या आठवड्यात तिच्या त्या 'सांगतो'ला वेगळीच धार होती. खरंच बादल्या आल्या. खराटेही आले.

पाणी उतरल्यावर आम्हाला शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाठवलं. गणेश चतुर्थी तोंडावर आलेली. कुंभारांचं वर्षभराचं काम कारखान्यांत मांडलेलं आणि त्यात पुराचं पाणी शिरलेलं. मी आधीच्या वर्षी घाटावर गणपतीचं जाणं बघितलं होतं; इथं त्याचं घर होतं. एका कारखान्यात गुडघाभर गाळ उपसत होतो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. फळ्यांवर प्लास्टरच्या मूर्ती जागच्या जागी उभ्या होत्या. रंग उतरलेला, कुणाची सोंड मोडलेली, पोटावर गाळाचा पट्टा, पण उभ्या. शाडूच्या मूर्तींच्या फळीवर मात्र नुसते मातीचे ढिगारे होते. एखाद्या ढिगाऱ्यातून उंदराचा कान वर आलेला, एखाद्यातून तारेचं आयुध. कुंभार मामा हातात खोरं घेऊन आमच्या टोप्यांवरचं पर्यावरणाचं घोषवाक्य वाचत होते.

'ही बघा तुमची शाडूची,' ते म्हणाले. 'विसर्जन होऊन गेलं की हिचं.'

चिडून नव्हे, हसून म्हणाले. सर काही बोलले नाहीत. आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. प्लास्टरची मूर्ती नदीत वर्षानुवर्षं विरघळत नाही म्हणून आम्ही ती नको म्हणत होतो. आणि तीच विरघळत नाही म्हणून या माणसाचं निम्मं वर्ष वाचलं होतं. शाडूचा आग्रह आम्ही धरणार, नुकसान तो सोसणार, असा हा व्यवहार होता. पुढं आमच्या गटात यावर खूप वाद झाला. शाडूच्या मूर्तींची आगाऊ नोंदणी करायची, निम्मे पैसे आधीच कुंभाराला द्यायचे आणि मूर्ती वरच्या मजल्यावर ठेवायला जागा शोधून द्यायची, असं ठरलं. ते सगळंच जमलं नाही, पण दहा-बारा घरांपुरतं जमलं. नदीचा प्रश्न हा कुंभाराचाही प्रश्न आहे, हे मला कुठल्या चर्चासत्रात कळलं नसतं, कारण चर्चासत्रात कुंभाराला बोलवत नाहीत.

अभ्यासाचं काय, असं वडील अजून विचारतात. अभ्यास झाला. त्या दोन वर्षांत मी अभ्यासही चिकार केला, आणि त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात बसायची सवय कामी आली. १८५० सालचं हे ग्रंथालय. सकाळी तिथं वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती जी माणसं बसतात त्यांच्याकडून शहराचा जो इतिहास ऐकायला मिळतो, तो सगळा खरा नसतो, पण एकमेकांची दुरुस्ती करत करत ते जिथं पोचतात तिथून माझ्या प्रबंधिकेचा विषय निघाला. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, वर्ग बंद पडले, मी शेवटच्या एसट्यांपैकी एकीनं जतला गेले आणि निरोप समारंभ वगैरे राहूनच गेला. काकूंचा डबा मात्र माझ्याकडं राहिला होता. वर्षभरानं तो परत द्यायला गेले तर काकू म्हणाल्या, रिकामा आणलास? आमच्याकडच्या बाजरीच्या पिठाची पिशवी सोबत होती म्हणून वाचले.

आता पुण्यात नोकरी करते. घाटावरच्या गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे, बहुतेक वेळ शुभ सकाळ आणि बंधाऱ्याची पातळी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मात्र त्यावर एकामागून एक चित्रफिती यायला लागल्या. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, शंभरी ओलांडलेलं नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर लोकांनी दुःखाचे चेहरे टाकले. घाटाच्या ग्रुपवर कुणी चेहरा टाकला नाही. 'कोण कोण पोचलं?' 'मी खासबागेत.' 'पोलिसांनी अडवलंय, पुढं जाऊ नका.' 'सकाळी किती वाजता जमायचं?' मी पुण्यात बसून वाचत होते आणि माझ्या नावापुढं सरांनी लिहिलं होतं, 'तू लांब हाईस, तू लिही.' मग मी लिहिलं. काय लिहायचं, कुणाला पाठवायचं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

गेल्या वर्षी माझ्या मामेभावानं विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याचा फोन आला, 'ताई, सीव्हीला बरं दिसेल असं काय काय करू?' मी त्याला सांगितलं, पहिल्यांदा डबा अशा घरी लाव जिथं चपात्या होईस्तोवर बसावं लागतं. वाचन मंदिरात अनामत भर. मतदार यादीत नाव कुठं ठेवायचं ते ठरव. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं, फक्त संस्थेचा दाखला लागतो. सरांचा नंबर देते, गौरी विसर्जनाला घाटावर जा, चमकी काढायला बसवतील, बस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, याचं प्रमाणपत्र मिळतं का. मी म्हटलं, दुपारचं जेवण मिळतं.

तो गेला घाटावर. सर म्हणाले, पोरगं बरं आहे, बोलतं फार. फक्त एक घोळ झालाय. त्याला खोली शिवाजी पेठेत मिळाली, घरमालक खंडोबाचा कट्टर, आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच त्यानं खंडोबाचा झेंडा गाडीला लावला. डिसेंबर ते मे आम्ही दोघं आता घरच्यांच्या तब्येतीपुरतंच बोलतो.